अमेरिकेतली गरिबी : वंश, लिंग आणि एका धक्क्याची किंमत

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक आणि स्त्रिया जास्त गरीब दिसतात ते वंशामुळे आणि लिंगामुळे, की कमी शिक्षण, बेकारी, एकटीने मुलं वाढवणं अशा कारणांमुळे? आणि ही कारणं हिशेबातून वजा केली तर वंशाचं आणि लिंगाचं काही शिल्लक राहतं का?

राहतं. पण ही वजाबाकीच मला पटत नाही. आधी गरिबीच्या तक्त्यांवर आणि नंतर सरकारी मदतीच्या अर्जांवर माझी बरीच वर्षं गेली. त्यातून झालेलं मत असं की संकटं सगळ्यांवर येतात. नोकरी जाते, लग्न मोडतं, मूल आजारी पडतं. वंश आणि लिंग यांचा मोठा परिणाम दिसतो तो त्या संकटाची किंमत किती मोजावी लागते यात. आणि ती किंमत बहुतेक वेळा कुठल्या तरी कायद्यात, नियमात किंवा पगारपत्रकात लिहिलेली असते.

आधी मोजमाप, कारण अर्धे वाद तिथेच होतात. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा मॉली ओरशान्स्की या सामाजिक सुरक्षा प्रशासनातल्या अधिकारी स्त्रीने 1963-64 च्या सुमारास मांडली. काटकसरीच्या आहाराचा खर्च घ्यायचा आणि त्याला तीनने गुणायचं, कारण 1955 च्या पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करत होती. 1969 मध्ये सरकारने ही रेषा अधिकृत केली. त्यानंतर ती महागाईप्रमाणे वाढवली जाते, पण मूळ साचा तोच. आज अन्नापेक्षा घरभाडं आणि मुलांना सांभाळण्याचा खर्च कितीतरी मोठा आहे, आणि तो या साच्यात बसत नाही. म्हणून 2011 पासून जनगणना विभाग एक पूरक मापही प्रसिद्ध करतो. त्यात करसवलती, अन्नमदत, घरभाडं, औषधोपचार, कामावर जाण्यासाठीचा पाळणाघराचा खर्च असं सगळं धरतात.

2023 मध्ये दोन मुलं असलेल्या चौघांच्या कुटुंबासाठी अधिकृत रेषा वर्षाला सुमारे 30,900 डॉलर होती आणि देशातले 11.1 टक्के लोक रेषेखाली होते. म्हणजे जवळपास 3 कोटी 68 लाख माणसं. हिस्पॅनिक (स्पॅनिश किंवा लॅटिन अमेरिकी मुळाचे) नसलेल्या गोऱ्यांमध्ये हा दर 7.7 टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये 17.9, हिस्पॅनिकांमध्ये 16.6, आशियाईंमध्ये 9.1 आणि मूलनिवासी अमेरिकन व अलास्काच्या मूलनिवासींमध्ये 21.2 टक्के. संख्येने पाहिलं तर सगळ्यात मोठा गट गोऱ्या गरिबांचाच आहे, साधारण दीड कोटी. कोण किती आहेत हा एक प्रश्न आणि कोणाला धोका किती हा दुसरा. टीव्हीवरच्या चर्चेत हे दोन प्रश्न इतक्या सहज एकमेकांत मिसळतात की ‘गरीब’ म्हटलं की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. तो चेहरा चुकीचा असतो आणि धोरणंही त्याच चेहऱ्याकडे बघून आखली जातात.

आशियाईंचा 9.1 हा आकडा मला कधीच आवडला नाही. त्यात भारतीय वंशाची भरपूर कमावणारी कुटुंबं आणि निर्वासित म्हणून आलेली बर्मी वंशाची कुटुंबं एकाच रकान्यात बसतात. सरासरी बरी दिसते आणि दुसऱ्या गटाची गरिबी त्याखाली झाकली जाते.

लिंगाचा फरक वरवर अगदी किरकोळ वाटतो. पुरुषांमध्ये साधारण 10 टक्के, स्त्रियांमध्ये 12 च्या आसपास. हा आकडा बघून ‘एवढंच?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पण गरिबी कुटुंबावर मोजली जाते. एका घरातलं सगळं उत्पन्न एकत्र करायचं आणि ते सगळ्यांमध्ये वाटलं जातं असं गृहीत धरायचं. त्यामुळे नवरा-बायको एका छताखाली राहत असतील तर दोघंही गरीब किंवा दोघंही गरीब नाहीत. तिसरा पर्यायच नाही. पैसा कोणाच्या हातात आहे हे या मापाला दिसत नाही. म्हणजे दोन टक्क्यांचा तो फरक जवळजवळ सगळा एकट्या राहणाऱ्या आणि एकटीने घर चालवणाऱ्या स्त्रियांमधून येतो. तिथे बघितलं की चित्र बदलतं: पती-पत्नी असलेल्या कुटुंबांमध्ये गरिबीचा दर 5 टक्क्यांच्या आसपास, तर जोडीदाराशिवाय स्त्रीने चालवलेल्या कुटुंबांमध्ये पाचातल्या एकाहून जास्त. अभ्यासक डायना पिअर्स यांनी 1978 मध्येच याकडे बोट दाखवलं होतं.

आणखी एक पोकळी. ही पाहणी घरांमध्ये राहणाऱ्यांची होते. तुरुंगातली माणसं तिच्यात नसतात. अमेरिकेच्या तुरुंगांमध्ये आणि कोठड्यांमध्ये सुमारे 19 लाख लोक आहेत आणि कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण त्यांत लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे. ते गरिबीच्या तक्त्यातून नाहीसे होतात. त्यांच्यामागे मुलांना घेऊन राहिलेल्या स्त्रिया मात्र तक्त्यात दिसतात, ‘एकल माता’ म्हणून.

आता मुख्य मुद्दा. वंशाचा तोटा अमुक, लिंगाचा तोटा तमुक, दोन्हींची बेरीज केली की कृष्णवर्णीय स्त्रीचा तोटा निघाला, असं नवखे अभ्यासक करतात. ते जुळत नाही. का जुळत नाही याचं मला सगळ्यात स्पष्ट वाटणारं उदाहरण न्यायालयातलं आहे. सेंट लुईसमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात 1964 पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेत नसत. नंतर घेतलं. सत्तरच्या दशकातल्या मंदीत ‘शेवटी आलेला आधी जाणार’ या ज्येष्ठतेच्या नियमाने कपात झाली आणि 1970 नंतर आलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया घरी बसल्या. पाच जणींनी दावा लावला. 1976 मध्ये न्यायालयाने म्हटलं, कंपनीने स्त्रियांना आधीही घेतलं होतं, तेव्हा लिंगभेद नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कार्यालयात होत्या, ही गोष्ट हिशेबात आली नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर त्यासाठी दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही मिळून वेगळा वर्ग मानता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये या आणि अशाच निकालांवरून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची, म्हणजे वंश आणि लिंग एकत्र आले की तोटा वेगळाच होतो या विचाराची, मांडणी केली. त्या मांडणीबद्दल आज वाट्टेल ते बोललं जातं, पण मुळात ती ज्येष्ठता यादी, कपात आणि पगार यांबद्दल होती.

उलट दिशेने जाणारा एक पुरावाही आहे आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये करविवरणांवरून लहानपणी सारख्याच उत्पन्नाच्या घरात वाढलेल्यांची तुलना केली. कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा बरंच कमी कमावताना दिसले, अगदी शेजारीशेजारी वाढलेलेसुद्धा. पण कृष्णवर्णीय मुली आणि गोऱ्या मुली यांच्या वैयक्तिक कमाईत फारसा फरक नव्हता. मग कृष्णवर्णीय स्त्रिया जास्त गरीब का? एक कारण असं की गरिबी घराच्या उत्पन्नावर ठरते आणि त्यांच्या घरात दुसरी कमाई येण्याची शक्यता कमी असते. दुसरं कारण, ‘सारख्याच उत्पन्नाच्या घरात वाढलेल्या’ ही अटच बहुतेक कृष्णवर्णीय मुलींना लागू होत नाही, कारण त्यांचं बालपण कमी उत्पन्नाच्या घरात जातं. पुरुषावर झालेला वांशिक अन्याय अशा रीतीने स्त्रीच्या घरखर्चात उतरतो.

पुरुषांच्या बाबतीत काय घडतं ते समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलवॉकीतल्या प्रयोगात दिसतं. सारखी पात्रता दाखवणारे तरुण साध्या नोकऱ्यांसाठी पाठवले. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्याला 34 टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्याला 17 टक्के, नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला 14 आणि नोंद असलेल्याला 5. मधले दोन आकडे पुन्हा वाचा. स्त्रियांच्या बाजूने शेली कोरेल आणि सहकाऱ्यांचा 2007 चा अभ्यास आहे. सारख्याच अर्जात आई असल्याची खूण ठेवली की सुचवलेला सुरुवातीचा वार्षिक पगार सुमारे 11,000 डॉलरने घसरला. बाप असल्याची खूण ठेवल्यावर पुरुषाचं काही बिघडलं नाही, उलट थोडं भलंच झालं.

संकटाची किंमत कशी ठरते याचं सगळ्यात जुनं आणि अजून न सुकलेलं मूळ 1935 मध्ये आहे. सामाजिक सुरक्षा कायदा झाला, म्हातारपणाचं पेन्शन आणि बेकारी विमा आला, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले. 1938 च्या किमान वेतन कायद्यानेही तेच केलं. कायद्यात वंशाचा शब्दसुद्धा नव्हता. पण तेव्हाचे बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना घरकामापलीकडे फारसं कामच मिळत नव्हतं. हा वगळण्याचा हेतू वांशिक होता की फक्त प्रशासकीय सोय, यावर इतिहासकार भांडतात. गरीब माणसाच्या दृष्टीने त्या भांडणाला अर्थ नाही, परिणाम तोच झाला. पेन्शनचं दार 1950 च्या दशकात उघडलं. घरकामगारांना किमान वेतन 1974 मध्ये मिळालं. तेव्हाही वृद्धांची आणि आजाऱ्यांची घरी जाऊन सेवा करणाऱ्यांना ‘सोबत करणाऱ्या’ म्हणून बाहेर ठेवलं आणि त्यांतल्या बहुतेकींना केंद्राचं संरक्षण 2015 मध्ये मिळालं. या कामातल्या दहापैकी आठांहून जास्त स्त्रिया आहेत आणि त्यांत कृष्णवर्णीय व स्थलांतरित स्त्रियांचं प्रमाण मोठं. 2023 मधलं मध्यक वेतन (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) वर्षाला 33,500 डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे चौघांच्या दारिद्र्यरेषेच्या जेमतेम वर. देशाची लोकसंख्या म्हातारी होते आहे, या कामाची मागणी वाढते आहे, आणि तरी पगार असा.

केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर थांबलेलं आहे. वर्षभर पूर्णवेळ काम केलं तर 15,080 डॉलर होतात. टिप मिळणाऱ्या कामांत मालकाने स्वतः द्यायचं किमान वेतन 2.13 डॉलर आहे, 1991 पासून. तिथेही बहुसंख्या स्त्रियांची. पुष्कळ राज्यांनी स्वतःचे दर वाढवले, पण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांनी नाही, आणि कृष्णवर्णीय लोकसंख्येचा निम्म्याहून थोडा जास्त भाग दक्षिणेत राहतो.

मग येते संपत्ती. उत्पन्न म्हणजे नळाचं पाणी आणि संपत्ती म्हणजे टाकी. नळ बंद पडल्यावरच टाकी आहे की नाही ते कळतं. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक निव्वळ संपत्ती 2,85,000 डॉलर होती, हिस्पॅनिक कुटुंबाची सुमारे 62,000 आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. तीन महिने पगार नाही आला तर पहिलं कुटुंब त्रासात असतं, तिसरं रस्त्यावर येऊ शकतं. या फरकात घरांचा वाटा मोठा आहे. 1930 च्या दशकात कर्जाच्या जोखमीचे शहरांचे नकाशे बनले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे सर्वांत धोक्याच्या, म्हणून रंगवल्या गेल्या. आजकाल सगळा दोष त्या नकाशांवर टाकायची पद्धत पडली आहे, कारण नकाशा छापायला आकर्षक दिसतो. माझ्या मते जास्त मोठं काम 1934 मध्ये सुरू झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने केलं. गोऱ्या उपनगरांमधल्या कर्जांना सरकारी हमी दिली आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना नाकारली. 1968 मध्ये गृहनिर्माणातला भेद बेकायदा ठरला, तोपर्यंत स्वस्त कर्जावर घर घेऊन ते वाढत्या किमतीत मुलांच्या हाती देण्याचा सुवर्णकाळ बराचसा संपला होता. स्त्रियांना स्वतःच्या नावावर कर्ज मागताना नवऱ्याची सही मागू नये हे कायद्याने 1974 मध्ये ठरलं. कृष्णवर्णीय एकट्या स्त्रीसाठी दोन्ही दारं कधी उघडली याचा हिशेब वाचकाने करावा.

मूलनिवासींचं प्रकरण वेगळं आहे आणि ते नेहमी तळटिपेत जातं. 1887 च्या डॉस कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनीचे तुकडे केले. 1934 पर्यंत 13.8 कोटी एकरांपैकी 4.8 कोटी उरले. राहिलेली बरीच जमीन सरकारच्या विश्वस्तीत आहे आणि तिच्यावर गृहकर्ज मिळवणं अजूनही कटकटीचं आहे. जमीन असूनही तारण नाही, अशी विचित्र गरिबी.

आता सरकारी मदत. किंमत इथे सगळ्यात उघडपणे लिहिलेली दिसते. साठच्या दशकापर्यंत अनेक राज्यांमध्ये आईच्या घरी पुरुष येत-जात असेल तर मुलांची मदत बंद होई. तो मुलांचा बाप नसला आणि एक पैसा देत नसला तरीही. अलाबामातल्या एका विधवेने या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ती पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत स्वयंपाकी आणि वेट्रेस म्हणून राबत होती, आठवड्याला 16 ते 20 डॉलर हातात पडत आणि घरी चार मुलं होती. 1968 च्या किंग विरुद्ध स्मिथ या निकालाने तो नियम गेला. अशा नियमांनी यादीतून वगळलेल्यांत कृष्णवर्णीय मुलंच मोठ्या संख्येने होती.

1996 च्या कायद्याने या मदतीचा हक्कच संपवला. राज्यांना ठरावीक रक्कम, एकूण 1,650 कोटी डॉलर, आणि ती महागाईप्रमाणे वाढत नाही. केंद्राच्या पैशातून मदत आयुष्यात जास्तीत जास्त पाच वर्षं. कायदेशीर स्थलांतरितांनाही बहुतेक केंद्रीय योजनांसाठी पाच वर्षं थांबायला लावलं. 1996 मध्ये मुलं असलेल्या दर 100 गरीब कुटुंबांपैकी 68 ना रोख मदत मिळत होती, अलीकडे हा आकडा 20 च्या आसपास आहे. रक्कम किती द्यायची ते राज्य ठरवतं. मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त 170 डॉलर मिळत, 2021 मध्ये ते 260 झाले. जिथे कृष्णवर्णीय लोकसंख्या जास्त तिथे रक्कम कमी आणि अटी कडक, हा नमुना संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळला आहे.

अर्जांच्या टेबलावर याची दुसरी बाजू दिसते. पगारवाढ नको म्हणणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. बाहेरच्याला तो आळस वाटतो. कागदावर मांडलं की कळतं, तासाला एखादा डॉलर वाढला की पाळणाघराचं अनुदान पूर्ण जातं आणि घरात महिन्याला आधीपेक्षा कमी पैसे उरतात. उत्पन्न पाहून दिली जाणारी अपंगत्वाची मदत (एसएसआय) घेणाऱ्या एकट्या व्यक्तीने 2,000 डॉलरपेक्षा जास्त बचत ठेवायची नाही, असा नियम 1989 पासून तसाच आहे. टाकी बांधू नका, असं सरकारच सांगतं, आणि मग गरिबांना बचतीची सवय नाही यावर परिसंवाद होतात.

‘लग्न करा, शिक्षण पूर्ण करा, नोकरी धरा’ हा सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. या तीन गोष्टी असलेल्यांमध्ये गरिबी कमी असते. पण लोकांनी हे केलं नाही असं म्हणणं चूक आहे. किशोरवयीन मातृत्वाचा दर 1991 पासून तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरला. शालेय शिक्षण पूर्ण करण्यात कृष्णवर्णीय आणि गोरे तरुण आता जवळजवळ बरोबरीला आले आहेत. तरी कृष्णवर्णीयांचा बेकारीचा दर, 1972 पासून नोंद आहे तेव्हापासून, बहुतेक काळ गोऱ्यांच्या साधारण दुप्पट राहिला आहे. डेव्हिड ब्रॅडी, रायन फिनिगन आणि सबीने ह्युब्गेन यांनी 2017 मध्ये श्रीमंत लोकशाही देशांची तुलना केली. एकल मातृत्व, बेकारी, कमी शिक्षण आणि कमी वयात घर चालवणं या चार जोखमी अमेरिकेत इतर देशांपेक्षा जास्त पसरलेल्या नाहीत. त्या जोखमी अंगावर आल्यावर गरीब होण्याची शक्यता मात्र तिथे सगळ्यात जास्त वाढते. म्हणजे नवरा नसणं सगळीकडे असतं, त्याची एवढी शिक्षा सगळीकडे नसते.

म्हातारपणीही हेच चालू राहतं. 1959 मध्ये 65 वर्षांवरचे 35 टक्के लोक गरीब होते. सामाजिक सुरक्षा पेन्शनने तो दर 10 टक्क्यांच्या आसपास आणला, आणि ही अमेरिकेची मोठी कामगिरी आहे. पण पेन्शनसाठी 35 वर्षांची कमाई धरतात. मुलांना किंवा आजारी आईला सांभाळण्यात गेलेली वर्षं शून्य म्हणून त्यात येतात. घटस्फोटितेला माजी नवऱ्याच्या खात्यावरून पेन्शन हवं असेल तर लग्न किमान 10 वर्षं टिकलेलं असावं लागतं. नऊ वर्षांत मोडलं तर काही नाही.

ही किंमत बदलता येते याचा पुरावा फार जुना नाही. मुलांसाठीच्या करसवलतीत कमी कमावणाऱ्यांना पूर्ण रक्कम मिळत नसे. देशातली साधारण एक तृतीयांश मुलं त्यामुळे पूर्ण लाभाबाहेर होती आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांपैकी जवळजवळ निम्मी. 2021 मध्ये एका वर्षापुरती ही अट काढली, सहा वर्षांखालच्या मुलाला 3,600 आणि मोठ्यांना 3,000 डॉलर केले आणि जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम दरमहा घरी पोचवली. पूरक मापाने बालगरिबी त्या वर्षी 5.2 टक्क्यांवर आली. तरतूद संपली आणि 2022 मध्ये ती 12.4 झाली. एका वर्षात कोणाचं लग्न, शिक्षण किंवा कष्टाळूपणा एवढा बदलत नाही.

तुम्ही स्वतः आकडे बघणार असाल तर एक-दोन गोष्टी. स्त्री-पुरुष असा एकत्रित दर घेऊ नका, कुटुंबप्रकारानुसारचा तक्ता उघडा आणि त्यात वंशानुसारची फोड बघा. एकल मातांमध्येसुद्धा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे दर वेगळे निघतात आणि विवाहित जोडप्यांमध्येही. म्हणजे सगळा फरक लग्नाने पुसला जात नाही हे तिथल्या तिथे दिसेल. मूलनिवासींसाठी एकाच वर्षाचा आकडा वापरू नका. नमुना लहान असल्यामुळे तो वर खाली उडतो, 2022 मध्ये 25 टक्के आणि पुढच्या वर्षी 21.2. पाच वर्षांची सरासरी घ्या. आणि धोरणाचा परिणाम तपासायचा असेल तर पूरक मापच हवं, कारण अधिकृत दर करसवलत आणि अन्नमदत मोजतच नाही. 2021 ची ती सगळी घसरण त्यात जवळपास दिसतच नाही.